गोम

आपल्याकडे म्हणतात,
गोमेचा एक पाय मोडला तर ती लंगडी होत नाही.
डंडीच्या त्या कारखान्यात ही म्हण चालली नसती.
तिथली गोम काळी, पाठ सपाट,
दोन्ही अंगांना वीस-वीस पाय, कल्हई केलेले.
त्यातला एक जरी वाकला
तरी टीव्हीचा पडदा गप्प,
रुसून कोपऱ्यात बसलेल्या पोरासारखा.

नेट्टा रॅट्रेचं काम : वाकडे पाय सरळ करणं.
साल त्र्याऐंशी. बाहेर टे नदीवरून चढणारं धुकं,
आत दिवा, भिंग, चिमटा.
याच बाकावर आधी बारा वर्षं तिनं मनगटी घड्याळं जुळवली,
केसाएवढ्या स्प्रिंगा, श्वास रोखून.
मग घड्याळं खपेनाशी झाली
आणि एका सोमवारी साहेब म्हणाले, उद्यापासून कॉम्प्युटर.
म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.
हात तेच होते. पगारही.

घरी स्ट्रुअन, तेरा वर्षांचा.
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर त्यानं चाळीस चौकोन आखले होते,
प्रत्येकात एक अक्षर,
आणि वर्षभर तो त्या पुठ्ठ्यावर टाइप करत होता.
वहीत प्रोग्रॅम लिहायचा,
डोळे मिटून स्वतःच चालवायचा,
ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस, परत दहा,
जेवायला हाक मारली की ओरडायचा,
"थांब गं, मी लूपमध्ये आहे!"

दुकानातल्या यंत्रावरच्या किमतीत
घराचं दोन महिन्यांचं भाडं सुटलं असतं.

म्हणून ते यंत्र डब्यातून आलं, तुकड्यातुकड्यानं,
मोडीच्या पेटीतून.
ऑक्टोबरात चरा पडलेलं झाकण,
नोव्हेंबरात रबरी बटणं,
नाताळाआधी पॅडीच्या दोन कापांमध्ये, मेणकागदात, हिरवा बोर्ड.
फाटकावरचा मर्डो डब्याकडे बघायचा,
मग आभाळाकडे.
शेवटी आली गोम.
सहावा पाय मुळापासून तुटलेला.

स्ट्रुअननं मासिकातलं चित्र समोर धरलं, पाय मोजले.
"सहावा म्हणजे घड्याळ, आई."
"काय?"
"इथून आत ठोके जातात. सेकंदाला पस्तीस लाख.
ठोके नाहीत तर ती मेलेलीच."
नेट्टा हसली, इतकी की खोकला आला.
तिची घड्याळं सेकंदाला पाच ठोके द्यायची
आणि तेवढ्यासाठी मुकादम कानाला लावून बघायचा.

ड्रॉवरमध्ये एक जुनं लेडीज घड्याळ होतं, बंद पडलेलं.
त्याचा पितळी मिनिटकाटा तिनं उचलला,
नखाएवढा कापला,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाची किटली बाजूला सारून,
तुटक्या खुंटाला डाख दिला.
धूर एवढासा. वास मात्र कारखान्याचा,
तिला वाटलं होतं तो फाटकाशीच थांबतो.

पडदा काळा झाला.
मग पांढरा. मग खाली एक ओळ.
स्ट्रुअनला बोटं कुठे ठेवावीत कळेना,
बटणं आता दाबली जात होती.
मग त्यानं वही उघडली,
वर्षभर डोळ्यांआड चालवलेला प्रोग्रॅम एकेक अक्षर घातला.
तिला वाटलं होतं, खेळ असेल, रॉकेट वगैरे.
आला आकडा.
"दिवसाला सहाशे चिपा, प्रत्येकीला चाळीस पाय.
तू रोज एवढे पाय तपासतेस."
२४०००.

तिनं हात एप्रनखाली घेतले.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
आतल्या खोलीतून वॉटी ओरडला,
स्नूकर सुरू व्हायचंय, टीव्ही सोडा आता.

"एक मिळव," ती म्हणाली.
"कसला एक?"
"आजचा. घरचा."
त्यानं मिळवला.
वॉटी दारात उभा राहिला, हातात बशी,
आणि त्याला मुळीच कळेना
हे दोघं २४००१ कडे असे काय बघतायत.